स्पोर्ट बाईकवर घरच्या घरी बदल: चारही इंडिकेटर एकदम लागतात, आणि पुढच्या कामांचा क्रम काय ठेवावा?

सहावागिअर (प्रश्न)

माझ्याकडे २५० सीसीची, दोन सिलिंडरची, पूर्ण फेअरिंग (बाहेरचे प्लास्टिकचे आवरण) असलेली स्पोर्ट बाईक आहे. गाडी पंधरा वर्षांची आहे, पण आधीच्या मालकाने तिच्यावर कोणतेही प्रयोग केलेले नाहीत. वायरिंग कंपनीचेच असून हार्नेसवर (तारांच्या जुडग्यावर) गुंडाळलेली मूळ काळी पट्टीसुद्धा शाबूत आहे. ब्रेकला एबीएस (चाक अडकू न देणारी यंत्रणा) नाही. बॅटरी १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची आहे.

तीन आठवड्यांपूर्वी मी चारही इंडिकेटरचे १० वॉटचे साधे बल्ब काढून त्यांच्या जागी एलईडी इंडिकेटर बसवले. ते भराभर लुकलुकणार हे आधी वाचलेले होते आणि तसेच झाले, म्हणून एलईडीसाठी मिळणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर (दिव्यांची उघडमीट करणारा भाग) आणून जुन्याच्या जागी लावला. आता उघडमिटीचा वेग बरोबर आहे, परंतु डावीकडचा इंडिकेटर दिला की चारही दिवे एकदम लागतात आणि उजवीकडचा दिला तरी तेच होते. मीटरवर दोन्ही बाजूंसाठी मिळून एकच हिरवा दिवा आहे, तोही आता अगदी मंद दिसतो. एका गॅरेजमध्ये दाखवले तेव्हा आत कुठेतरी शॉर्ट आहे, पूर्ण हार्नेस बदलावा लागेल, असे सांगण्यात आले. मला ते पटलेले नाही.

याशिवाय पुढील कामे मनात आहेत: मोबाइलसाठी यूएसबी चार्जर, गरम होणाऱ्या ग्रिप, फ्रेम स्लायडर (गाडी पडल्यास तिला वाचवणारे बाजूचे गुटके), घडी होणारे ब्रेक-क्लच लिव्हर, मागचा लांब मडगार्ड काढून आखूड टेल टायडी, आणि मनगटांवरचा भार कमी व्हावा म्हणून हँडलबार थोडा वर घेणे. मागच्या सायलेन्सरचाही मोह आहे. हत्यारांमध्ये चांगले पाने, ॲलन की आणि मल्टिमीटर आहे. टॉर्क रेंच (ठरावीक जोराने बोल्ट आवळणारा पाना) नाही. यांतले काय आधी करावे, काय नंतर, आणि कशाच्या वाटेला जाऊच नये?

तारजोड

हार्नेसला हात लावू नका. तुमच्या वायरिंगमध्ये शॉर्ट नाही; दोष त्या एकुलत्या एक हिरव्या दिव्याच्या जोडणीत आहे, आणि तो दिवाही बिघडलेला नाही.

ज्या गाड्यांच्या मीटरवर दोन्ही बाजूंसाठी एकच दिवा असतो, त्यांच्यात तो दिवा बहुधा डाव्या आणि उजव्या इंडिकेटरच्या तारांच्या मधोमध जोडलेला असतो. त्याला स्वतःचे निगेटिव्ह नसते. डावा इंडिकेटर दिला की डाव्या तारेवर १२ व्होल्ट येतात, प्रवाह हिरव्या दिव्यातून उजव्या तारेत जातो आणि उजवीकडच्या बल्बांच्या थंड फिलामेंटमधून बॉडीला मिळतो. १० वॉटच्या फिलामेंटला एवढ्याशा प्रवाहाने काही होत नाही, त्यामुळे ते विझलेलेच राहतात आणि फक्त हिरवा दिवा लागतो. साधे बल्ब असेपर्यंत ही काटकसर उत्तम चालते. एलईडीला मात्र तेवढाच प्रवाह पुरतो, म्हणून पलीकडची बाजूही उजळते.

खात्री करून घ्यायची असेल तर मीटरच्या मागून तो हिरवा बल्ब उपसून काढा आणि इंडिकेटर देऊन पाहा. डावे-उजवे वेगवेगळे चालू लागले तर निदान पक्के झाले.

उपायासाठी दोन डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) लागतील. १एन४००७ हा सर्वत्र मिळणारा, १ अँपिअरचा डायोड पुरेसा आहे. हिरव्या दिव्याला आलेल्या दोन्ही तारा त्याच्यापासून सोडवा. प्रत्येक तारेला एकेक डायोड असा जोडा की त्याची पांढरी पट्टी असलेली बाजू दिव्याकडे राहील. पट्टीकडची दोन्ही टोके एकत्र करून दिव्याच्या एका टोकाला द्या आणि दिव्याच्या दुसऱ्या टोकापासून नवी तार काढून बॉडीला, म्हणजे निगेटिव्हला, जोडा. आता कोणत्याही बाजूने प्रवाह आला तरी तो दिव्यापर्यंत येईल, पण पलीकडच्या बाजूला जाऊ शकणार नाही. डायोडमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतात. हिरव्या दिव्याच्या उजेडात तो फरक दिसतही नाही.

काही जण यावर लोड रेझिस्टर सुचवतील. त्यानेही काम होते, कारण एलईडीला समांतर जोडलेला रेझिस्टर जुन्या फिलामेंटची भूमिका पार पाडतो. परंतु १० ओहमचा रेझिस्टर गाडी चालू असताना १४ व्होल्टवर जवळपास २० वॉट उष्णतेत घालवतो, आणि चारही इंडिकेटर एकत्र चालू ठेवून गाडी रस्त्याकडेला उभी केली की तो हात लावता येणार नाही इतका तापतो. त्यावर ५० वॉट छापलेले असले तरी त्याचा अर्थ तो तेवढे सोसतो एवढाच आहे, थंड राहतो असा नव्हे. फेअरिंगच्या आतल्या प्लास्टिकला तो चिकटवलेला मी पाहिलेला आहे आणि त्या जागी प्लास्टिकला पडलेला खळगाही पाहिलेला आहे. ज्या नव्या गाड्यांमध्ये वेगळा फ्लॅशरच नसतो आणि उघडमीट मीटर किंवा कंट्रोल युनिट करते, तिथे कधीकधी रेझिस्टरला पर्याय नसतो. तेव्हा तो धातूच्या पट्टीवरच बसवावा.

चार्जर आणि ग्रिप यांसाठी एकच रिले (छोट्या प्रवाहाने चालणारा विजेचा स्विच) बसवून घ्या. चार्जर थेट बॅटरीला जोडण्याचा मोह टाळा. मोबाइल लावलेला नसतानाही असे चार्जर थोडा प्रवाह खातात. तो केवळ १० मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला ०.२४ अँपिअर-तास होतो, आणि पंधरा दिवस गाडी उभी राहिली तर तुमच्या ८ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून ३.६ गेलेले असतात. सोळाव्या दिवशी सकाळी स्टार्टरचा नुसता खट्‌खट् आवाज येतो आणि दोष बिचाऱ्या बॅटरीला दिला जातो.

साध्या चार पिनांच्या रिलेवर ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे असतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून फ्यूजमार्गे ३० वर या. ८७ वरून पुढे उपकरणांना द्या. ८५ निगेटिव्हला आणि ८६ टेल लॅम्पच्या तारेला, म्हणजे किल्ली फिरवल्यावर जिच्यावर वीज येते अशा तारेला जोडा. टेल लॅम्पवर रिलेच्या कॉइलचा भार जेमतेम ०.१५ अँपिअर पडतो. किल्ली काढली की सगळे बंद. ग्रिप सुमारे ४ अँपिअर घेतील आणि चार्जर १ ते २, म्हणून मुख्य फ्यूज १० अँपिअरचा, तार १.५ चौरस मिलिमीटरची, आणि चार्जरच्या बारीक तारेसाठी ३ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज ठेवा. मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतराच्या आतच हवा. फ्यूज उपकरणाच्या नव्हे तर तारेच्या रक्षणासाठी असतो, आणि बॅटरी व फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला कोणतेच संरक्षण नसते.

काम सुरू करताना बॅटरीचे निगेटिव्ह आधी काढा आणि शेवटी लावा. उलट केलेत तर पॉझिटिव्हचा नट सोडवताना पाना फ्रेमला टेकला की ठिणग्यांची आतषबाजी होते.

पानाधारी

तारजोड यांच्या निदानाला माझा दुजोरा आहे. एकच भर घालतो: जोड झाळून करू नयेत. झाळताना वितळलेले शिसे तारेच्या धाग्यांमध्ये वर चढते आणि ते जिथे संपते तिथे तार ताठर होते. इंजिनाच्या कंपनांनी ती नेमकी तिथेच तुटते. योग्य मापाचे क्रिंप (दाबून बसवायचे) टर्मिनल, योग्य पक्कड आणि वर आतून डिंक असलेली हीट-श्रिंक नळी वापरावी. तारेला बाजूने चिमटा घेऊन आत पाते घुसवणारे निळे-लाल क्लिप तर अजिबात नकोत, कारण त्यांत चार-दोन धागे कापले जातात आणि पाणी शिरते.

आता लिव्हरविषयी सविस्तर लिहितो, कारण तुमच्या यादीत सर्वांत निरुपद्रवी दिसणारे आणि सर्वांत घातक ठरू शकणारे काम तेच आहे.

पुढच्या ब्रेकचा लिव्हर मास्टर सिलिंडरमधल्या पिस्टनला ढकलतो. लिव्हर सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला तरच ब्रेक ऑइलच्या टाकीकडे जाणारे बारीक छिद्र उघडते, आणि तापून प्रसरण पावलेले ऑइल त्या छिद्रातून टाकीत परत जाऊ शकते. बाहेरून घेतलेल्या लिव्हरचा आतला उंचवटा अर्धा-पाऊण मिलिमीटर जरी जास्त असला तरी पिस्टन किंचित दाबलेलाच राहतो आणि छिद्र बंद होते. गाडी उभी असताना काहीही जाणवत नाही. चालवू लागल्यावर ऑइल तापते, त्याला जायला वाट नसते, दाब वाढतो, पॅड डिस्कला घासू लागतात, त्यामुळे ऑइल आणखी तापते, आणि पुढचे चाक आपोआप आवळले जाऊ लागते.

माझ्या बाबतीत हे घडलेले आहे. वीस-पंचवीस मिनिटांनंतर गाडी जड वाटू लागली. मला वाटले, चेन आवळली गेली असावी. थांबून पाहिले तर डिस्कवर निळसर झाक आली होती आणि पुढचे चाक हाताने फिरत नव्हते. कॅलिपरचा ब्लीड निपल (ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) किंचित सैल करताच ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळे झाले. त्या दिवशी रस्ता कोरडा आणि सरळ होता, एवढेच माझे नशीब.

म्हणून लिव्हर बसवल्यावर तो पिस्टनला टेकण्याआधी टोकाशी निदान एक-दोन मिलिमीटर मोकळा हलतो आहे, हे बोटाने तपासा. पुढचे चाक उचलून फिरवा, ब्रेक दाबून सोडा आणि ते पुन्हा तितकेच मोकळे फिरते का पाहा. लिव्हर जवळ-लांब करण्याची जी खूण-चकती असते, तिच्या प्रत्येक आकड्यावर हे तपासावे. पहिल्या फेरीनंतर चाक गरम असतानाच हीच चाचणी पुन्हा करा. ब्रेकलाइटचा आणि क्लचचा बारीक स्विच नव्या लिव्हरने नीट दाबला जातो की नाही, हेही पाहा; मी पाहिलेल्या एका संचात ब्रेकलाइट कायमचा चालूच राहत होता. मोकळी हालचाल मिळत नसेल तर उंचवटा घासत बसू नका, लिव्हर परत करा.

फ्रेम स्लायडर पुष्कळदा इंजिन ज्या बोल्टवर टांगलेले असते त्यांच्याच जागी बसतात. टॉर्क रेंच नसेल तर हे काम आज करू नका; कुणाकडून तरी आणा किंवा विकत घ्या. इंजिनाखाली लाकडी फळी ठेवून जॅकने नुसता आधार द्या, एका वेळी एकाच बाजूचा बोल्ट काढा, आणि नवा बोल्ट आधी हातानेच पाच-सहा वेढे फिरवा. आटे तिरके बसले तर ते बोटांना कळते. लांब दांड्याच्या पान्याला कळत नाही. ॲल्युमिनियममध्ये बोल्टचा आट्यात शिरलेला भाग त्याच्या व्यासाच्या दीडपट ते दुप्पट असावा, म्हणजे १० मिलिमीटरच्या बोल्टसाठी १५ ते २० मिलिमीटर. स्लायडरच्या जाडीमुळे हे अंतर कमी झालेले असेल आणि संचात लांब बोल्ट दिलेला नसेल, तर तो संच वापरू नये. बोल्ट किती आवळायचा तो आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या.

फेअरिंगला छिद्र पाडावे लागणार असेल तर बोल्टच्या डोक्याला थोडा ओला रंग लावा आणि फेअरिंग जागेवर धरून दाबा. आतून नेमकी खूण उमटते. बाहेरच्या बाजूला कागदी चिकटपट्टी लावून आधी ३ मिलिमीटरचे छिद्र पाडा आणि मग ते टप्प्याटप्प्याने वाढवा. अपेक्षाही माफक ठेवा: उभी गाडी कलंडली किंवा अगदी हळू वेगात पडली तर स्लायडर इंजिनाचे कव्हर आणि फेअरिंग वाचवतात, पण वेगात घसरताना एखाद्या कडेला अडकले तर तोच जोर ते थेट फ्रेमकडे पोहोचवतात.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून वापरतात तो थ्रेडलॉकर फेअरिंगच्या किंवा विंडस्क्रीनच्या स्क्रूला लावू नका. तो एबीएस आणि पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकांना बाधतो. काही दिवसांत स्क्रूभोवती केसासारख्या बारीक चिरा दिसू लागतात आणि एके दिवशी तो कोपरा हातात येतो.

टेल टायडीबाबत फार सांगण्यासारखे नाही. मागचे सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टायर नंबरप्लेटला लागणार नाही हे पाहा, प्लेटवरचा दिवा आणि मागचा लाल परावर्तक ठेवा. प्लेटचा कोन व मडगार्डची लांबी यांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, तेव्हा आपापले नियम वाचावेत. काढलेला मूळ मडगार्ड फेकू नका.

तारजोड

झाळण्याबाबत थोडा मतभेद नोंदवतो. हलणाऱ्या, लोंबत्या तारेवर क्रिंपच हवे, हे मान्य. परंतु डायोडचे पाय बारीक असतात आणि क्रिंपमध्ये नीट धरले जात नाहीत. तिथे झाळावे, वर हीट-श्रिंक नळी चढवावी आणि दोन्ही बाजूंची तार हार्नेसला बांधून टाकावी, म्हणजे जोडावर कंपनांचा ताण येणार नाही. न झाळणे हा कंपनांवरचा उपाय आहे, सोवळे नव्हे.

पानाधारी

डायोडपुरते मान्य.

वळणदार

वरच्या दोघांनी वायरिंग आणि बोल्ट यांचे व्यवस्थित सांगितले आहे. मी हँडलबारविषयी लिहितो, कारण मनगटे दुखतात म्हणून हँडल वर घेणे हा निर्णय घाईचा वाटतो.

हँडल २० मिलिमीटर वर गेला तरी थ्रॉटलची केबल, क्लचची केबल आणि पुढच्या ब्रेकची नळी यांना तेवढी लांबी जास्त लागते. बसवल्यावर इंजिन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये असताना हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. फिरवताना इंजिनाचा आवाज वाढला तर थ्रॉटलची केबल ताणली जात आहे. तशी गाडी वळवताना ती स्वतःहून वेग घेईल. ब्रेकची नळी कुठेही ताठ होता कामा नये आणि टाकी व हँडल यांच्यामध्ये अंगठा चिरडला जाता कामा नये. तुम्ही ग्रिपची तार टाकणार आहातच; तिलाही स्टिअरिंगपाशी मोकळा फास ठेवा, नाहीतर ती रोज थोडी थोडी वाकून आतून तुटेल.

त्याआधी बिनखर्चाची दोन कामे करून पाहावीत. पहिले म्हणजे, नेहमीसारखे बसून बोटे लिव्हरवर ठेवली असता हात आणि पंजा एका रेषेत येतील अशा बेताने दोन्ही लिव्हर खाली फिरवून घ्या; कंपनीतून येताना ते बऱ्याचदा वर असतात आणि मनगट मुरडलेले राहते.

दुसरे म्हणजे सॅग, म्हणजे तुमच्या वजनाने सस्पेन्शन किती खाली बसते ते, मोजा. पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीवर एक प्लास्टिकचा झिप टाय हलका आवळा. चाक हवेत असताना नळीचा किती भाग उघडा दिसतो ते मोजा. मग पूर्ण पोशाखानिशी गाडीवर बसा, दोन्ही पाय फूटपेगवर ठेवा, कुणाला तरी गाडी धरायला सांगा आणि पुन्हा मोजून घ्या. सीलच्या घर्षणामुळे एकच माप फसवे असते, म्हणून एकदा गाडी खाली दाबून हळूच वर येऊ द्यावी, एकदा वर उचलून हळूच खाली बसू द्यावी आणि दोन्ही मापांची सरासरी घ्यावी. साधारण १२० मिलिमीटरच्या हालचालीत रस्त्यासाठी ३० ते ३५ मिलिमीटर सॅग ठीक असतो. मागचा सॅग ॲक्सलपासून शेपटीवरच्या एका ठरावीक खुणेपर्यंत मोजतात. पंधरा वर्षे जुन्या गाडीत पुढची स्प्रिंग दमलेली असण्याची शक्यता मोठी आहे. ती दमली की गाडीचे नाक खाली झुकते, आणि तुमचे वजन मनगटांवर येते ते हँडल खाली असल्यामुळेच, असे वाटत राहते. फोर्कमधले ऑइलही किती जुने आहे कुणास ठाऊक. स्लायडरच्याही आधी ते बदलून घ्यावे असे माझे मत आहे. टाकीच्या बाजूंना खरखरीत ग्रिप पॅड लावले तर ब्रेक दाबताना गुडघ्यांनी धरता येते आणि हातांवरचा ताण लगेच कमी होतो. चिकटवण्याआधी ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावी.

सायलेन्सर शेवटी ठेवा, किंवा ठेवूच नका. नुसता मागचा डबा बदलून वजन कमी होते आणि आवाज वाढतो. या क्षमतेच्या इंजिनात ताकदीचा फरक मात्र पाठीला जाणवण्याइतका पडत नाही. उचल हवी असेल तर पुढच्या स्प्रॉकेटचा (चेनच्या दातेरी चाकाचा) एक दाता कमी करून पाहा. तुमच्याकडे १४ दात्यांचे असेल तर १३ दात्यांनी गिअरिंग साडेसात टक्क्यांहून अधिक आखूड होते. ज्या गाड्यांचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सकडून माप घेतो त्यांच्यात तो तेवढाच जास्त वेग दाखवू लागतो, हे लक्षात ठेवावे.

सहावागिअर

सर्वांचे आभार. काल रात्री हिरवा बल्ब उपसून पाहिला आणि डावे-उजवे लगेच वेगळे झाले. आज डायोड जोडले. पहिल्यांदा एक डायोड उलटा लावल्यामुळे उजवीकडचा इंडिकेटर दिल्यावर हिरवा दिवा लागत नव्हता. पट्टीची दिशा बदलल्यावर सगळे सुरळीत झाले. हार्नेस जसा होता तसा आहे.

लिव्हर आधीच घेऊन ठेवले होते. मोकळी हालचाल तपासली तर जवळच्या दोन आकड्यांवर ती नीट मिळते, पण सर्वांत लांबच्या आकड्यावर जवळजवळ शून्य आहे. तो आकडा न वापरता लिव्हर ठेवावेत का?

सॅग पुढे ४६ मिलिमीटर आला. प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) कमी-जास्त करायची सोय फोर्कवर नाही.

आणखी एक विचारायचे राहिले. मोबाइलचा धारक मी थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये छापला होता. उन्हात उभ्या गाडीवर तो मान टाकल्यासारखा वाकला. जाडी वाढवून पुन्हा छापावा का?

पानाधारी

लिव्हर परत करा. कधीतरी घाईत किंवा दुसऱ्या कुणाच्या हातून ती चकती त्या आकड्यावर जाईल, आणि तुम्हाला ते पुढचे चाक तापल्यावरच कळेल.

वळणदार

४६ म्हणजे स्प्रिंग दमलेली आहे, किंवा तुमच्या वजनाला ती मुळातच मऊ आहे. आतल्या स्पेसरच्या जागी थोडा लांब स्पेसर घालून प्रीलोड वाढवता येतो, पण एवढा फरक असताना वजनाप्रमाणे नव्या स्प्रिंग घालणे आणि त्याच वेळी ऑइल बदलणे अधिक बरे. हँडलचा निर्णय तोवर थांबवा.

तारजोड

जाडी वाढवून उपयोग नाही. पीएलए सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते आणि उन्हातला काळा भाग तेवढा सहज तापतो. एएसए प्लास्टिक वापरा; ते सुमारे १०० अंशांपर्यंत टिकते आणि उन्हाने ठिसूळही होत नाही. धारकात कंपने शोषणारा रबरी भाग असू द्या. ॲपलने २०२१ मध्ये सूचना काढली होती की जास्त ताकदीच्या मोटारसायकलींच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा खराब होऊ शकते, आणि तशी यंत्रणा इतर अनेक मोबाइलमध्येही असते. जुना मोबाइल नकाशासाठी गाडीवर आणि रोजचा खिशात, अशी माझी वाटणी आहे.